जीसीएस सात म्हणजे काय? मेंदूला मार लागलेल्या रुग्णाच्या उशाशी आयसीयूत काय चालते

‘दुचाकी घसरून डोक्याला गंभीर मार, प्रकृती चिंताजनक’ ही ओळ वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर इतक्या वेळा येते की आपण ती वाचून पुढे सरकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले, त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि दगावलेल्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के माणसे दुचाकीवरची होती. जे वाचतात आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतात, त्यांच्या घरच्यांची खरी परीक्षा आयसीयूच्या दाराबाहेर सुरू होते. ‘जीसीएस सात आहे, मेंदूला सूज आहे, ७२ तास काही सांगता येणार नाही’ एवढे सांगून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे जातात. पाच मिनिटांच्या भेटीत नातेवाइकांना दिसते ते आणखी कोड्यात टाकणारे असते. सिस्टर दर तासाला रुग्णाच्या डोळ्यांत बॅटरी मारतात, त्याचा खांदा जोरात चिमटतात, त्याला धड झोपू देत नाहीत, आणि आईने हात हातात घेऊन हाका मारायला सुरुवात केली की तिला थांबवतात.

हे सगळे का चालते, त्यामागचे शरीरशास्त्र काय आणि त्यातून रुग्णाच्या नशिबात काय फरक पडतो, हे या लेखात सांगायचे आहे. डॉक्टर दिवसातून दोन-तीनदा येतात, शस्त्रक्रिया एकदा होते, स्कॅन दोन-चार वेळा होतो. रुग्णाजवळ चोवीस तास असते ती परिचारिका. मेंदूच्या दुखापतीत बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा तिच्याच नजरेला पडते, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्या कामाविषयी आहे.

### मार एकदाच बसतो, इजा मात्र दोनदा होते

डोके रस्त्यावर आपटते त्या क्षणी जे व्हायचे ते होऊन जाते. कवटी तडकते, रक्तवाहिनी फाटते, मेंदूतले बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात. ही पहिली इजा. तिच्यावर हेल्मेट, सीटबेल्ट आणि कमी वेग यांखेरीज दुसरा उपाय नाही, कारण तुटलेले तंतू जोडणारे औषध अजून कोणाकडे नाही.

दुसरी इजा त्यानंतरच्या काही मिनिटांत सुरू होते आणि तासन् तास, कधी कधी आठवडाभर चालू राहते. फाटलेल्या वाहिनीतून रक्त साचत जाते, मेंदूला सूज येते, श्वास अडल्याने रक्तातला प्राणवायू कमी होतो, दुसरीकडच्या जखमेतून रक्त गेल्याने रक्तदाब घसरतो, ताप चढतो, झटके येतात. पहिल्या मारातून दुखावलेल्या पण अजून जिवंत असलेल्या पेशी यांतल्या प्रत्येक गोष्टीने मरत जातात. आयसीयूतली सगळी धडपड या दुखावलेल्या पेशींसाठी असते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले होते की, गंभीर मार लागलेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब सुरुवातीच्या काळात एकदा जरी ९०च्या खाली गेला, तरी मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट होतो.

दुसरी इजा किती फसवी असते, हे क्रिकेट पाहणाऱ्यांना भारताचे फलंदाज रमण लांबा यांच्या मृत्यूवरून आठवेल. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यातल्या एका क्लब सामन्यात ते हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभे होते आणि फलंदाजाने मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची शुद्ध हरपली, शस्त्रक्रिया झाली, पण २३ फेब्रुवारीला ते गेले. मार लागल्यावर माणूस चालतो, बोलतो, ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो, आणि त्याच वेळी कवटीच्या आत रक्त साचत असते.

याच्या ३६ वर्षे आधी, १९६२च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांच्या चेंडूने भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली होती. फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनी त्यांना रक्त दिले, शस्त्रक्रिया झाली आणि ते वाचले. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन व्हायला तेव्हा अजून नऊ वर्षे होती. त्या काळात उशाशी बसून शुद्ध, नाडी, श्वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहत राहणे हाच आत काय चालले आहे ते कळण्याचा मुख्य मार्ग होता. स्कॅन आल्यावरही ते पाहणे सुटलेले नाही, कारण स्कॅन एका क्षणाचे चित्र देतो आणि बिघाड दोन स्कॅनच्या मधल्या वेळात होतो.

### कवटीत जागा किती?

हाताला किंवा पायाला सूज आली की तो भाग फुगतो, कातडी ताणते, जागा होते. मोठ्या माणसाची कवटी मात्र ताणत नाही. तिच्यात तीन गोष्टी असतात. सुमारे ८० टक्के जागा मेंदूची, साधारण १० टक्के रक्ताची आणि उरलेली १० टक्के मेंदूभोवती फिरणाऱ्या स्वच्छ पाण्यासारख्या द्रवाची. हा द्रव शरीरात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास नव्याने तयार होतो. तिन्हींची बेरीज ठरलेली असल्याने एक वाढले की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो आणि जॉर्ज केली या दोन स्कॉटिश वैद्यांनी १७८३ पासून पुढच्या चाळीसेक वर्षांत हा नियम मांडला आणि आजही आयसीयूतला प्रत्येक निर्णय त्याच नियमावर चालतो.

लग्नसराईतली भरलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. गाडी भरलेली असली तरी कंडक्टर ‘जरा मागे सरका’ म्हणतो आणि आणखी पाच-सात माणसे आत येतात, कोणाला फारसे काही जाणवत नाही. मग एक वेळ अशी येते की मागे सरकायला इंचभरही जागा उरत नाही, आणि त्यानंतर चढलेला एकच माणूस सगळ्यांचा श्वास कोंडतो. दारात उभे असलेले बाहेर ढकलले जातात. कवटीतही सुरुवातीला द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांमधले रक्त बाहेर पडते आणि दाब जवळजवळ वाढत नाही. ही सोय संपली की मात्र चमचाभर जास्तीचे रक्तही दाब एकदम वर नेते. कवटीच्या तळाशी जे मोठे छिद्र आहे तेच या गाडीचे दार, आणि तिथे असतो श्वास व हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा देठ. मेंदू त्या दिशेने खाली सरकला की माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. सकाळी ठीक वाटणारा रुग्ण दुपारी अचानक बिघडतो तो यामुळेच. ‘सकाळपर्यंत चांगला होता हो’ हे नातेवाइकांचे म्हणणे खरे असते.

कवटीतला हा दाब एरवी ५ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो २२च्या वर टिकून राहिला तर उपचार करावेत, असे अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण नुसत्या या आकड्यापेक्षा त्यातून निघणारी वजाबाकी महत्त्वाची. मेंदूत रक्त ढकलणारा जोर म्हणजे सरासरी रक्तदाब वजा कवटीतला दाब, आणि तो साधारण ६० ते ७० असावा लागतो. रक्तदाब १२०/८० असेल तर सरासरी सुमारे ९३ येते (खालच्या आकड्यात दोहोंतल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवून). कवटीत दाब १५ असेल तर मेंदूला ७८चा जोर मिळतो, भरपूर झाला. आता रक्तदाब ९०/६० झाला, म्हणजे सरासरी ७०, आणि कवटीत २५ आहे. मेंदूच्या वाट्याला ४५ उरले. त्या पेशी उपाशी राहतात. म्हणून अशा रुग्णाचा रक्तदाब थोडा खाली आला तरी परिचारिका तातडीने डॉक्टरांना बोलावते, आणि घरच्यांना ‘बीपी नॉर्मलच तर आहे’ असे वाटत असतानाही तो वर ठेवायचे औषध सुरू असते.

### ‘सात’ हा आकडा येतो कुठून?

१९७४ साली ग्लासगो विद्यापीठातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्ध मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी ‘गुंगीत आहे’, ‘अर्धवट शुद्धीत आहे’ असे शब्द वापरले जात आणि रात्रीच्या माणसाने लिहिलेल्या ‘गुंगी’चा अर्थ सकाळच्या माणसाला लागत नसे. या पद्धतीचे नाव ग्लासगो कोमा स्केल, म्हणजेच जीसीएस. तीत डोळे उघडण्याला १ ते ४, बोलण्याला १ ते ५ आणि हालचालीला १ ते ६ गुण असतात. सर्वांत कमी बेरीज ३, सर्वांत जास्त १५. बेरीज १३ ते १५ असेल तर मार सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी असेल तर गंभीर धरतात.

प्रत्यक्ष मोजणी कशी होते ते पाहू. परिचारिका आधी काही न करता रुग्णाकडे पाहते, तो आपण होऊन डोळे उघडतो का. मग नावाने हाक मारते. प्रतिसाद आला नाही तर बोटाच्या टोकावर, खांद्याच्या स्नायूवर किंवा भुवईच्या खाचेवर हळूहळू वाढत जाणारा दाब देते आणि हात काय करतात ते पाहते. सांगितल्यावर ‘दोन बोटे दाखव’ हे त्याने केले तर सहा गुण. खांद्यावर दाब दिल्यावर त्याचा हात वर येऊन तिचा हात बाजूला करू लागला तर पाच. नुसता हात आखडून घेतला तर चार. दोन्ही हात कोपरांत वळून संथपणे छातीकडे आले तर तीन, आणि हात ताठ होऊन मनगटे आत-बाहेर पिळवटली तर दोन. या शेवटच्या दोन हालचाली मेंदू खोलवर दुखावल्याच्या खुणा आहेत. नातेवाइकांना जे चिमटणे निर्दय वाटते, त्यातून ही माहिती मिळते आणि ती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने तासातासाला मिळत नाही. छातीच्या हाडावर मुठीने घासायची जुनी रीत मात्र आता टाळावी असे सांगितले जाते, कारण तिने जखमा होतात आणि हात नेमका कशाकडे आला तेही कळत नाही.

आता तो सात. एका रुग्णाचे डोळे मिटलेले, आवाज नाही, पण दाब दिल्यावर हात नेमका तिथे येतो: १ अधिक १ अधिक ५, सात. दुसरा दाब दिल्यावर डोळे उघडतो, कण्हतो, पण हात कोपरांत वळून छातीकडे येतात: २ अधिक २ अधिक ३, तेही सातच. दुसऱ्याची स्थिती कितीतरी नाजूक आहे. म्हणून चांगली परिचारिका बेरीज सांगून थांबत नाही, तिन्ही आकडे वेगळे सांगते. श्वासनळीत ट्यूब असेल तर बोलण्याच्या जागी आकडा न घालता तशी खूण करते. नातेवाइकांनीही ‘जीसीएस किती?’ याऐवजी ‘हालचालीचे गुण काल किती होते, आज किती आहेत?’ असे विचारावे. एकट्या आकड्यावरून फार काही कळत नाही. ओळीने लिहिलेल्या आठ-दहा आकड्यांचा कल पाहावा लागतो. बेरीज दोन गुणांनी घसरली तर ती तातडीची बाब समजतात, आणि हालचालीचा एक गुण जरी घसरला तरी डॉक्टरांना कळवावे लागते.

आपल्याकडे यात एक अडचण येते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. आदिवासी पाड्यावरून आलेल्या, फक्त पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या रुग्णाला ‘हाथ उठाओ’ असे हिंदीतून सांगितले आणि त्याने हात उचलला नाही, तर दोष मेंदूचा की भाषेचा? ऐकायला कमी येणाऱ्या आजोबांचेही तेच. ड्युटी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी मिळून एकदा तपासणी करणे, म्हणजे दोघींचा ‘पाच’ एकच राहील, ही फार चांगली सवय आहे आणि ती गर्दीच्या वॉर्डात सर्वांत आधी सुटते.

### बॅटरी कशासाठी?

डोळ्याच्या बाहुलीवर उजेड पडला की ती लगेच लहान होते. बाहुली लहान करणारा मज्जातंतू मेंदूच्या ज्या भागाजवळून जातो, तो भाग सूज किंवा रक्ताच्या गाठीमुळे खाली सरकू लागला की हा तंतू चेपला जातो. मग त्या बाजूची बाहुली मोठी होते आणि उजेडाला दाद देत नाही. दोन वाजता दोन्ही बाहुल्या तीन मिलिमीटर, तीन वाजता उजवी पाच आणि सुस्त: एवढ्या एका नोंदीवर रुग्णाला पुन्हा सीटी स्कॅनला नेले जाते आणि कधी कधी थेट ऑपरेशन थिएटरमध्ये. गुंगीच्या औषधांमुळे जीसीएस नीट मोजता येत नाही तेव्हा बाहुल्या हीच उरलेली खिडकी असते. ‘रात्री तरी झोपू द्या’ या विनंतीला परिचारिका नकार देते, तो याच कारणाने.

नाडी मंद, वरचा रक्तदाब चढलेला आणि श्वास अनियमित ही तिन्ही एकत्र दिसली तर मेंदूचा देठ चेपला जात असल्याची ती उशिराची खूण असते. अमेरिकी मेंदूशल्यतज्ज्ञ हार्वी कुशिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिची वाट पाहत बसणे म्हणजे उशीर करणे.

### उशाची उंची, ट्यूबची पट्टी आणि सक्शन

आयसीयूतले बरेचसे उपचार साध्या हातांनी होतात. पलंगाचा उशाकडचा भाग ३० अंश वर, मान सरळ, नाक छातीच्या मध्यरेषेत. यामागे कारण आहे: डोक्यातले रक्त मानेतल्या शिरांवाटे खाली उतरते, आणि मान एका बाजूला कलली, ट्यूब बांधायची पट्टी घट्ट बसली किंवा मानेचा पट्टा आवळला गेला की ती वाट अडते आणि कवटीतला दाब चढतो. मानेच्या मणक्याला इजा नाही याची खात्री होईपर्यंत रुग्णाला कुशीवर वळवताना तीन-चार जण एकदम, डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवून वळवतात. हनुवटीखाली एक बोट सहज सरकेल इतकी पट्टी सैल आहे का, हे पाहायला पाच सेकंद लागतात.

श्वासनळीतला कफ ओढून काढणे, म्हणजे सक्शन, हे काम वरवर किरकोळ दिसते. नळी आत गेली की रुग्ण खोकतो, छातीतला दाब वाढतो आणि त्याबरोबर कवटीतलाही. कफ ठेवला तर प्राणवायू कमी होतो, तोही मेंदूला मारक. म्हणून परिचारिका ठरावीक वेळ झाली म्हणून सक्शन करत नाही. श्वासात घरघर आहे का ते ऐकते, आधी भरपूर ऑक्सिजन देते, दहा ते पंधरा सेकंदांत नळी बाहेर काढते आणि मॉनिटरवरचे आकडे पूर्ववत होईपर्यंत दुसरे काही करत नाही. सक्शन, अंग पुसणे, कूस बदलणे हे सगळे एका दमात उरकणे तिच्या सोयीचे असते, पण प्रत्येकाने दाब थोडा थोडा चढत जातो, म्हणून मध्ये विसावा द्यावा लागतो.

श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वाढला तर मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब वाढतो. तो फार कमी झाला तर त्या इतक्या आकसतात की दाब उतरतो, पण रक्तही पोहोचत नाही. पूर्वी रुग्णाला मुद्दाम जोरजोरात श्वास देत; आता ते फक्त जीव वाचवण्यापुरते, थोडा वेळ करतात. ताप तर मेंदूची भूक वाढवतो, म्हणून अंग गरम लागताच पॅरासिटामॉल आणि गार पाण्याने पुसणे सुरू होते. तासाला किती लघवी झाली हेही मोजतात, कारण मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी दुखावली तर लघवी तासाला पाव लिटरच्या वर जाऊ लागते आणि रक्तातले सोडियम चढते. कवटीचा तळ तडकल्याची शंका असेल, म्हणजे डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, कानामागे निळा डाग, नाकातून पाण्यासारखा द्रव असे दिसत असेल, तर पोटात जाणारी नळी नाकातून न घालता तोंडातून घालतात.

### औषधे

यावर थोडक्यात लिहितो, कारण लोकांची समजूत उलट असली तरी औषधांचा वाटा मर्यादित आहे. मॅनिटॉल किंवा जास्त मिठाचे सलाईन रक्तात पाणी ओढून घेऊन सूज तात्पुरती उतरवते. झटके येऊ नयेत म्हणूनची औषधे पहिल्या सात दिवसांसाठी देतात. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव रोखणारे औषध सौम्य ते मध्यम मार असलेल्यांना तीन तासांच्या आत दिले तर उपयोगी पडते, असे २०१९च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले.

‘सूज उतरायला स्टिरॉइड का देत नाही?’ असे मात्र अजूनही विचारले जाते. अनेक वर्षे ती दिली जात होती. मग दहा हजारांहून अधिक रुग्णांवर एक चाचणी झाली. २००४ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा दोन आठवड्यांत स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के रुग्ण दगावल्याचे दिसले. ते औषध त्यानंतर या आजारातून बाद झाले.

### ‘झोपेचे औषध बंद करा, म्हणजे तो शुद्धीवर येईल’

हा आग्रह प्रेमापोटी असतो. गुंगीचे औषध दिल्याने रुग्ण बेशुद्ध राहतो हे खरे, पण ते काढले तर तो ट्यूबशी झुंजतो, खोकतो, रक्तदाब आणि कवटीतला दाब दोन्ही चढतात, आणि जागा झालेला दुखावलेला मेंदू जास्त प्राणवायू मागतो जो त्याला मिळत नाही. सूज उतरू लागली की डॉक्टर औषध कमी करून पाहतात आणि त्या वेळी परिचारिका शेजारी उभी राहून काय होते ते टिपते. भेटीच्या वेळी हाका न मारता हळू बोलायला सांगतात तेही यासाठीच. आवाज ओळखीचा असावा, शांत असावा; हात धरून बसायला हरकत नसते, मॉनिटरवरचा आकडा चढला तर तेवढ्यापुरते थांबायचे.

### ‘इथे दाब मोजायचे यंत्र नाही, मुंबईला हलवू का?’

कवटीला बारीक छिद्र पाडून दाब मोजणारी तार बसवण्याची सोय मोठ्या केंद्रांत असते, जिल्ह्याच्या ठिकाणी अनेकदा नसते. बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांतल्या रुग्णालयांत ३२४ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. अर्ध्यांना तार बसवून उपचार केले, उरलेल्यांना वारंवार स्कॅन आणि रुग्णाची तपासणी यांच्या आधाराने. दोन्ही गटांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. तार निरुपयोगी आहे असा याचा अर्थ होत नाही. पण काटेकोर, तासातासाची तपासणी आणि तिच्यावर लगेच हालचाल करणारी माणसे असतील तर तारेवाचूनही चांगले उपचार होतात, एवढे त्यातून नक्की म्हणता येते. दर तासाची तपासणी करणारी तपासनीस मात्र हवी. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी हे सर्वमान्य आहे; एकीच्या वाट्याला तीन-चार रुग्ण असतील तर तीन वाजताची बाहुली पाच वाजता पाहिली जाते. रुग्णालय निवडताना मशिनांची यादी विचारतात, रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात हे कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न पहिल्या क्रमांकाचा वाटतो. शिवाय अस्थिर रुग्णाला ॲम्ब्युलन्समधून हलवण्यात रक्तदाब आणि प्राणवायू घसरण्याचा धोका असतो, म्हणून हलवायचे ते डॉक्टरांशी बोलून. रक्ताची गाठ काढायला मेंदूशल्यतज्ज्ञ तिथे नसेल तर मात्र हलवण्याला पर्याय नाही.

### ‘कवटीचा तुकडा काढून पोटात ठेवलाय म्हणे!’

हे ऐकून घरचे हादरतात, आणि साहजिकच आहे. औषधांनी दाब उतरला नाही की कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून देतात. तो तुकडा सुरक्षित राहावा म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ आहे; काही महिन्यांनी तो परत बसवतात. तोवर परिचारिका त्या बाजूला ‘इथे हाड नाही’ अशी पाटी लावते आणि रुग्णाला त्या कुशीवर वळवत नाही.

या शस्त्रक्रियेने जीव वाचतो, पण कसला जीव, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ४०८ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी केवळ औषधोपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के दगावले होते, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे २७ टक्के. पण डोळे उघडे असूनही कशाचेच भान नाही अशा अवस्थेत राहिलेले पहिल्या गटात सुमारे २ टक्के होते, दुसऱ्यात साडेआठ. वाचलेल्यांत पूर्णपणे दुसऱ्यांवर अवलंबून राहणारेही जास्त होते, आणि बऱ्यापैकी सावरलेलेही होते. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी डॉक्टरांनी हे दोन्ही सांगावे आणि घरच्यांनी ते विचारावे.

### ‘व्हेंटिलेटरवर उगाच ठेवतात का?’

कोमातला माणूस आणि मेंदूमृत माणूस यांत फार मोठा फरक आहे. कोमात मेंदूचा देठ कमी-अधिक काम करत असतो आणि माणूस सावरण्याची शक्यता असते. मेंदूमृत अवस्थेत देठासह मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते आणि हृदय केवळ यंत्राने मिळणाऱ्या प्राणवायूवर काही काळ चालते. भारतात १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ ठरलेल्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करते, आणि व्हेंटिलेटर बाजूला केल्यावर रुग्ण आपण होऊन श्वास घेतो का हेही पाहते. या तपासण्या झाल्या का, काय दिसले, हे विचारण्याचा घरच्यांना पूर्ण अधिकार आहे. शंका मनात ठेवून बाहेर भांडण करण्यापेक्षा कागद मागून समजून घेणे सर्वांच्या हिताचे.

### सिस्टरना काय सांगाल?

दाराबाहेर ताटकळणाऱ्या माणसाला आपण काहीच करू शकत नाही असे वाटते, पण परिचारिकेला लागणारी काही माहिती फक्त घरच्यांकडेच असते. रुग्णाला घरात कोणत्या नावाने हाक मारतात आणि तो कोणती भाषा समजतो. तो डावरा आहे का. त्याला ऐकायला कमी येते का. आधी अर्धांगवायू होऊन एखादा हात कमजोर झालेला आहे का, नाहीतर जुनी कमजोरी नवी समजली जाईल. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे का, डोळ्याला जुनी इजा आहे का, कारण अशा डोळ्याची बाहुली आधीपासूनच वेडीवाकडी असू शकते आणि ते माहीत नसेल तर मध्यरात्री विनाकारण स्कॅनची धावपळ होते. रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे का. हृदयाच्या किंवा अर्धांगाच्या आजारानंतर ती अनेकांना दिलेली असते, आणि कवटीतला रक्तस्राव वाढण्याचे ते मोठे कारण ठरते. मधुमेह, फिट्स, दमा आहे का. रोज दारू घेण्याची सवय असेल तर तीही लाज न बाळगता सांगावी. दारू अचानक बंद झाल्याने दोन-तीन दिवसांनी येणारी अस्वस्थता, थरथर आणि झटके मेंदूच्या बिघाडासारखेच दिसतात, आणि दोहोंवरचे उपचार वेगळे आहेत.